ड्रायव्हरशेजारची जागा

१३ जुलै २०१५, सोमवार

मागचं दार मी उघडून धरलेलं होतं आणि रॉस गाडीला वळसा घालून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. माझा हात दारावर तसाच राहिला. प्रबोधने डिकीत बॅग ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि त्या उघड्या दारातून आत शिरला. मग मीही बसलो.

चांगी विमानतळापासून वन-नॉर्थमधल्या आमच्या ऑफिसपर्यंत रॉस टॅक्सीवाल्याशी बोलत होता. गाडी स्वतःची की भाड्याची, मुलं काय करतात, ड्युरियन फळ कुठलं चांगलं. मी पर्थच्या थंडीविषयी चार वाक्यं तयार ठेवली होती. ती वापरायची वेळ आली नाही. एकदा त्याने मागे वळून विचारलं, "तुम्ही दोघं ठीक ना?" मी म्हणालो, अगदी आरामात. प्रबोध म्हणाला, "मी नाही. माझे गुडघे तुमच्या पाठीत घुसलेत. सीट पुढे घ्या." मला शरम वाटली. रॉस मोठ्याने हसला आणि सीट पुढे घेतली.

पद्माकर साहेबांच्या गाडीत मी नेहमी मागे, त्यांच्या शेजारी बसत असे. ड्रायव्हरशेजारी सामान असे.

साहेबांनी मे महिन्यात आपली कंपनी पर्थच्या लोकांना विकली. आमचं सॉफ्टवेअर कुठलं जहाज कुठल्या धक्क्याला कधी लागेल याचं वेळापत्रक करतं. पर्थहून आलेला रॉस सप्टेंबरअखेरपर्यंत इथे राहील आणि सिंगापूरचं ऑफिस कोणी चालवायचं ते ठरवून जाईल. नावं दोन आहेत, माझं आणि प्रबोधचं. मी साहेबांचा उजवा हात होतो. प्रबोध तीन वर्षांपूर्वी आला, माझ्या हाताखाली. नांदेडचा. त्याचं पूर्ण नाव मी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं. आपल्यात विचारतातच. त्याने सांगितलं. मी पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळी रॉसने सगळ्यांना सांगितलं, इथे कोणी सर नाही. पहिल्या नावाने हाक मारायची, मलाही आणि एकमेकांनाही. प्रबोधने लगेच मला इंग्रजीत "निशिकांत" म्हटलं. मराठीत अजून "सर" म्हणतो. दोन्ही ऐकताना मला वेगळं वाटतं.


१६ जुलै, गुरुवार

रॉसने प्रबोधचं नाव मोडलं. "प्रॉबो" म्हणतो. सगळ्या ऑफिससमोर, काचेच्या भिंतीपलीकडून ओरडून. माझं नाव मात्र त्याने तीनदा विचारून घेतलं, कागदावर लिहून उच्चार पक्का केला. आता "निशिकांत" असं पूर्ण म्हणतो, शेवटच्या अक्षरापर्यंत नीट.

रात्री घरी जेवताना हे सांगितलं. हर्षा म्हणाली, "बरं झालं. तुझ्या नावाचं लोक काहीही करतात."

जाई बशीतून मान वर न करता म्हणाली, "बाबा, ही इज बीइंग पोलाइट लाह."

"मग? पोलाइट असणं वाईट का?"

"नॉट वाईट. माझी प्रिन्सिपलपण सगळ्यांना पोलाइट आहे."

बारा वर्षांची आहे, इथल्या मुलांसारखं वाक्यामागे 'लाह' लावते. शाळेत तिला मैत्रिणी "जे" म्हणतात. मी कितीदा सांगितलं, पूर्ण नाव सांगत जा.


२४ जुलै, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर बोललो. विषय, ऑस्ट्रेलियन लोकांशी व्यवहारात कसं वागावं. मनुष्यबळ विभागाने एक पुस्तिका पाठवली होती, ती मी दोनदा वाचली. वेळेवर पोचावं. हस्तांदोलन घट्ट करावं, डोळ्यांत पाहावं. स्वतःच्या पदव्या सांगू नयेत. फुशारकी त्यांना खपत नाही. बोलण्यात वरचा-खालचा भेद ठेवू नये. मी शेवटी सांगितलं की या विषयाचा मी पुष्कळ अभ्यास केला आहे, कोणाला शंका असेल तर माझ्याकडे यावं. रॉस मागे सँडविच खात उभा होता.

प्रबोधने हात वर केला. "हे सगळं करू नये ते झालं. त्यांना आवडतं काय?"

लोक हसले. रॉस म्हणाला, "बिअर. आणि लवकर संपणारी भाषणं." लोक अजून हसले. मग तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "फार छान, निशिकांत. खूप मेहनत घेतलीस. आभारी आहे."

प्रबोधला तो काय म्हणाला तेही मी ऐकलं. म्हणाला, "तू शाळेत मार खात असणार."

म्हणजे आम्हा दोघांतला फरक त्याला कळतो. तरी जाताना दोघं एकत्र लिफ्टमध्ये गेले. लिफ्ट बंद होईपर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मी मागे थांबून प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतो.


११ ऑगस्ट, मंगळवार

चार दिवस सुट्टी. सिंगापूरला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळीकडे झेंडे. जाई लाल शर्ट घालून परेड पाहायला गेली.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ऑस्ट्रेलिया इंग्लंडमध्ये साठ धावांत बाद झाला होता. आज सकाळी मी रॉसच्या टेबलाशी गेलो. कशा शब्दांत सांगावं याचा घरून विचार करून आलो होतो. म्हणालो, वाईट वाटलं, खेळपट्टीवर गवत होतं, नाणेफेकही विरुद्ध गेली. तो म्हणाला, "हो. थँक्यू, निशिकांत."

अकराच्या सुमारास प्रबोध आला. त्याला क्रिकेटमधलं काही कळत नाही, मला माहीत आहे. तो दारातूनच म्हणाला, "रॉस, साठ? आमच्या खालच्या कॉफीच्या दुकानातला कोपीवाला अंकल एका पायावर साठ करेल."

रॉसने त्याला पेनाचं टोपण फेकून मारलं. आईबद्दल काहीतरी म्हणाला, ते मी इथे लिहीत नाही. नंतर तासभर दोघं आत बसले होते. दार उघडं होतं. काम चाललं होतं, हे खरं. पण मधूनमधून हसत होते.

मला प्रबोधचा एवढा राग का येतो हे कळत नाही. राग हा शब्द बरोबर नाही. दुसरा आहे, तो मला लिहायचा नाही.


१४ ऑगस्ट, शुक्रवार

डबा खाऊन खाली फेरी मारायला गेलो तर हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, ते दोघे. रॉस घामाने निथळत होता आणि काट्याचमच्याने लक्साच्या तिखट शेवया खात होता. प्रबोध त्याला चॉपस्टिक धरायला शिकवत होता. टेबलाला तीन खुर्च्या. तिसरीवर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं. जागा धरायची इथली रीत रॉस एका महिन्यात शिकला.

तिसरं कोण येणार होतं ते पाहायला मी खांबाआड थोडा वेळ उभा राहिलो. कोणी आलं नाही. माझ्या मनात आलं, मेई लिंग असेल अकाउंट्समधली. ती पण त्यांच्यात गेली तर उरलं कोण.

दुपारी रॉस म्हणाला, "जेवायला नाही आलास?" मी म्हणालो, मी घरचा डबा खातो. तो म्हणाला, "डबा घेऊन ये की." हे लोक बोलायचं म्हणून असं बोलतात. पुस्तिकेत आहे, औपचारिक आमंत्रण नसेल तर ते आमंत्रण समजू नये.


२९ ऑगस्ट, शनिवार

रॉसच्या काँडोत बार्बेक्यू. पोहण्याच्या तलावाशेजारी शेगड्या आहेत, त्यातली एक त्याने राखून ठेवली होती. त्याचा निरोप असा होता, स्वतःचं मांस आणि स्वतःचं पिणं घेऊन या. पाहुण्यांना बोलवायचं आणि जेवण त्यांनाच आणायला सांगायचं. हर्षाने पनीरच्या काड्या करून डब्यात भरल्या. मी तो डबा घरीच ठेवला. कोणाच्या घरी आपलं अन्न आपण घेऊन जायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. पुण्याहून आणलेलं चांदीचं निरांजन होतं, ते खोक्यात घालून नेलं.

"हे काय, निशिकांत," रॉस म्हणाला. "कशाला एवढं." त्याचे कान लाल झाले. खोकं आत नेऊन ठेवलं आणि परत त्याचं नाव काढलं नाही.

प्रबोध बायकोला, अवनीला, घेऊन आला होता. तिच्या हातात स्टीलचा डबा, आत मसाला लावलेलं चिकन. तिने तो रॉसच्या हातात दिला तेव्हा खाली मसाल्याचा थेंब पडला. कोणाला काही वाटलं नाही. थोड्या वेळाने रॉसने हातातला चिमटा प्रबोधला दिला आणि म्हणाला, आता तू बघ. म्हणजे त्याला चुलीपाशी उभं केलं. प्रबोध पुढचा सगळा वेळ धुरात उभा राहून सगळ्यांचं मांस भाजत होता, घाम पुसत होता, आणि रॉस त्याला ओरडत होता, "जाळतोयस तू ते, निकामी माणसा." मला त्याने पंख्याखालची खुर्ची दिली. थंड पेय दिलं. दोनदा येऊन विचारलं, काही हवं का. पाहुण्याला कसं वागवायचं आणि कोणाला कामाला लावायचं हे त्याला बरोबर समजतं, असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

मग एकेक करून सगळे पुरुष शेगडीभोवती गेले. अकाउंट्सचा, विक्रीचा, पर्थहून आलेला तो दाढीवाला. गोल करून उभे राहिले. रॉसचा हात प्रबोधच्या खांद्यावर होता. खुर्च्यांवर मी, हर्षा आणि कोणाचं तरी झोपलेलं बाळ.

मी इथे आल्यापासून माझ्या खांद्यावर कोणी हात ठेवलेला नाही. पद्माकर साहेबांनीही नाही.

परतताना एमआरटी मेट्रोत हर्षा म्हणाली, "भूक लागली असेल ना?"

"नाही."

"मला लागलीय. अवनी विचारत होती, तुम्ही काहीच कसं आणलं नाही. मी काय सांगणार? चांदी आणलीय म्हणून?"


३ सप्टेंबर, गुरुवार

"प्रॉबो" आता अख्खं ऑफिस म्हणतं. टपालवालासुद्धा.


८ सप्टेंबर, मंगळवार

प्रबोधकडून चूक झाली. ग्राहकाला या आठवड्याचं वेळापत्रक पाठवायचं होतं, त्याने जुनी फाइल पाठवली. एकाच धक्क्याला एकाच वेळी दोन जहाजं दाखवली होती. तिकडच्या एका बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी फोन केला. जहाजं अजून समुद्रातच होती, नुकसान काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं.

फाइल मी त्याला दिली होती. पण पाठवण्यापूर्वी तपासायची जबाबदारी पाठवणाऱ्याची.

मला हे मेई लिंगकडून कळलं. प्रबोध दिवसभर माझ्याशी नेहमीसारखाच बोलला. लपवतो आहे.


११ सप्टेंबर, शुक्रवार

इथे आज निवडणूक, सुट्टी. आम्हाला मत नाही. दिवसभर घरात. धूर वाढतो आहे, सुमात्रातली जंगलं जळतायत म्हणतात. आमच्या घरासमोरचे जुरोंग ईस्टचे ब्लॉक आज दिसत नव्हते. जाईने खिडक्यांना टेप लावली.

हर्षाला सांगितलं की सोमवारी रॉसला ती गोष्ट सांगणार आहे.

"कुठली?"

"प्रबोधच्या फाइलची."

तिने इस्त्री थांबवली. "प्रबोधशी बोललास?"

"त्याच्याशी काय बोलायचं? वरच्या माणसाला माहीत असायला नको? पद्माकर साहेबांना मी प्रत्येक गोष्ट सांगायचो. त्यांना उगीच नव्हता माझ्यावर विश्वास."

"त्यांचा होता," ती म्हणाली. "बाकीचे तुला जेवायला बोलवायचे का?"

हा काय प्रश्न झाला. तिने एकाच शर्टाची कॉलर दोनदा इस्त्री केली.

मी पुस्तिका पुन्हा काढली. त्यात लिहिलं आहे, स्पष्ट बोलणं त्यांना आवडतं.


१४ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं.

दार लावून घेतलं आणि उभ्यानेच बोललो. प्रबोध हुशार आहे, तरुण आहे, पण घाईत असतो, असं सुरुवातीला म्हटलं. मग फाइलचं सांगितलं. कंपनीच्या हितासाठी आपल्याला माहीत असावं म्हणून सांगतो आहे, असंही म्हटलं. आवाज स्थिर होता.

रॉस खुर्चीत मागे टेकून ऐकत होता. म्हणाला, "त्याच्याशी बोललास यावर?"

"नाही. आधी तुमच्याकडे आलो."

त्याने टेबलावरचा एक कागद सरळ केला. मग म्हणाला, "ठीक. सांगितल्याबद्दल आभारी आहे, निशिकांत."

मी बाहेर आलो. त्याने आभार मानले. माझं नाव पूर्ण घेतलं. प्रश्न एकच विचारला. म्हणजे पुरेसं होतं.

आज पुष्कळ दिवसांनी जेवण गोड लागलं.


१७ सप्टेंबर, गुरुवार

गणपती. रजा घेतली. हर्षाने एकवीस मोदक केले, दोन फुटले. रॉसला बोलावलं होतं. त्याने कळवलं, जमत नाही, शुभेच्छा. प्रबोधला मी बोलावलं नव्हतं. हर्षाने परस्पर अवनीला फोन केला होता.

आरती झाल्यावर ते आले. वेळ बघूनच आले असावेत. अवनी सरळ स्वयंपाकघरात गेली. प्रबोध गणपतीसमोर गेला नाही. जाईच्या शेजारी जमिनीवर बसून तिचं गणित पाहत होता. तिने त्याला प्रॉबो अंकल म्हटलं. हे तिच्यापर्यंत कसं पोचलं कोणास ठाऊक.

मोदक खाताना मी विचारलं, "तुला या लोकांत इतकं कसं काय जमतं?" हसत विचारलं. बरेच दिवस विचारायचं होतं.

तो म्हणाला, "जमायचं काय सर त्यात. पहिल्या नावावर भागतं ना इथं."

"म्हणजे?"

"पुण्यात पहिल्या नोकरीत पहिल्या दिवशी एकानं विचारलं, पूर्ण नाव काय. सांगितलं. त्याला अंदाज येईना. म्हणून गाव विचारलं. तरी येईना. मग म्हणला, घरी गणपती असतो का?" त्याने मोदकाची पाकळी तोडली. "रॉसनं मला पहिल्या दिवशी काय विचारलं माहितीय? पोहता येतं का. नाही म्हणलं. तर म्हणे, मग तुला जहाजांच्या कंपनीत घेतलं कोणी."

जाई खूप हसली.

मला त्यात विशेष काही दिसलं नाही. आपल्याकडे विचारतात, त्यातून ओळख वाढते. मीही त्याला विचारलं होतं. त्याची आठवण त्याला असेल असं वाटत नाही. तो "म्हणला" म्हणतो, "म्हणाला" म्हणत नाही. जाईसमोर तरी नीट बोलायला हवं.

निघताना त्याने हर्षाला सांगितलं, मोदक एक नंबर. मला म्हणाला, "येतो सर." बाकी काही नाही. फाइलबद्दल रॉस त्याला बोलला असेल की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही.


२२ सप्टेंबर, मंगळवार

रॉस माझ्याशी आता अधिक आदराने बोलतो. मी खोलीत आलो की सगळे नीट बसतात. आज आत हशा चालला होता, मी दार उघडलं आणि थांबला. रॉसने विचारलं, "बोल निशिकांत, काय मदत करू?"

निर्णय शुक्रवारी.

बोलताना घसा खवखवतो. धुराने.


२५ सप्टेंबर, शुक्रवार

धुरामुळे आज शाळा बंद. जाई घरी. मी निघताना तिने माझ्या तोंडाला मास्क लावून दिला आणि म्हणाली, "ऑल द बेस्ट, बाबा." हर्षाने दही हातावर ठेवलं.

प्रबोध.

मी हे शांतपणे लिहितो आहे. रॉसने मला आधी बोलावलं. तो टेबलाच्या या बाजूला, माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. म्हणाला, काम मला उत्तम येतं, माझ्याइतकं इथे कोणालाच येत नाही, माझी नोकरी आणि पगार आहे तसा राहील. मग म्हणाला, पण ऑफिस प्रबोध चालवेल.

मी विचारलं, "त्या चुकीनंतरही?"

तो म्हणाला, "कुठल्या? फाइलच्या? निशिकांत, तो त्याच दिवशी माझ्याकडे आला होता. ग्राहकाला फोन करून, माफी मागून मग आला. म्हणाला, मी माती खाल्ली. मी त्याला विचारलं, जुनी फाइल तुझ्याकडे आली कुठून? म्हणाला, पडलेली होती, मी बघितलं नाही."

मी हातातल्या मास्कची घडी घातली.

"आणि जवळजवळ आठवड्याने तू आलास," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "दार लावून. त्याच्याशी एक शब्द न बोलता. मला कळतं, तुला वाटलं असेल हे बरोबर आहे. कुठेतरी असेलही. पण आमच्याकडे सहा वर्षांचं पोरगंसुद्धा हे करत नाही. शाळेत कोणी केलं तर त्याच्याशी मधल्या सुट्टीत कोणी खेळत नाही. असला माणूस मी दहा लोकांच्या वर बसवला तर उद्यापासून मला कोणी चूक सांगणार नाही."

मी म्हणालो, पुस्तिकेत हे नव्हतं.

त्याला वाटलं मी विनोद केला. तो किंचित हसला, मग माझ्याकडे पाहून थांबला.

"आम्ही तुझी जागा धरायचो," तो म्हणाला. "खाली, जेवताना. प्रॉबो म्हणायचा, येतील सर आज, येतील. मग मी धरणं सोडलं. त्याने नाही सोडलं."

बाहेर आलो तेव्हा प्रबोध आत जायला उभा होता. मी त्याचा हात हातात घेतला, अभिनंदन म्हणालो. घट्ट, डोळ्यांत पाहून.

फाइल कुठून आली ते त्याला माहीत होतं. त्याने माझं नाव घेतलं नाही. हेही त्यालाच सुचावं.


२६ सप्टेंबर, शनिवार

हर्षाने विचारलं, "आता काय?" मी म्हणालो, नोकरी आहे, पगार आहे. ती म्हणाली, "ते नाही विचारलं."


२७ सप्टेंबर, रविवार

रॉसला आणायला गेलो होतो, सोडायलाही गेलो. जायचं कारण नव्हतं. पण घेऊन येणाऱ्याने पोचवायला जावं.

तो पुढे बसला. या वेळी मी दार धरलं नाही. टॅक्सीवाल्याशी तो धुराबद्दल बोलत होता. मी आणि प्रबोध मागे, आपापल्या खिडकीकडे बघत. खिडकीबाहेर समुद्र असतो तिथे आज नुसतं करडं होतं.

विमानतळावर रॉसने माझ्याशी हस्तांदोलन केलं. म्हणाला, "सगळ्यासाठी आभारी आहे, निशिकांत. घरी नमस्कार सांग." उच्चार निर्दोष होता. मग प्रबोधकडे वळला, त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला, "जा आता, काम कर, यू लेझी बास्टर्ड."

प्रबोध म्हणाला, "विमानात रडू नकोस."

रॉस मागे न बघता हात हलवत आत गेला.

अडीच महिन्यांत मला त्याने एकही शिवी दिली नाही. मी तिथे सामानाच्या ट्रॉलीवर हात ठेवून उभा होतो आणि मला त्या शिवीचा हेवा वाटत होता. तो शब्द शेवटी लिहिला.

परतीच्या टॅक्सीत प्रबोध रॉससारखा पुढे, ड्रायव्हरशेजारी बसला. मागे मी एकटा. पद्माकर साहेब बसायचे त्या बाजूला. पाय पसरायला भरपूर जागा होती. त्याने एकदा मागे वळून विचारलं, "ठीक ना, सर?"

मी म्हणालो, "अगदी आरामात."


२८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी ऑफिसला जाण्याआधी हॉकर सेंटरवरून गेलो. धूर थोडा कमी होता. प्रबोध नेहमीच्या टेबलापाशी एकटा होता, समोरच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट. मी ते उचलून टेबलावर ठेवलं आणि बसलो. तो उठला आणि दोन कोपी घेऊन आला. माझी बिनदुधाची, बिनसाखरेची होती. मी अशी घेतो हे त्याला कधी सांगितल्याचं मला आठवत नाही.